दुसरा गल्ला

पालखी दुपारनंतर यायची होती आणि धाकू सकाळच्या चहालाच दारात उभा राहिला, तेव्हाच मालनने ओळखलं की भावोजी काही पुरणपोळीसाठी आलेले नाहीत. एरवी शिमग्याला लांज्याहून निघालेला धाकू ढोल वाडीच्या तोंडाशी वाजायला लागले तरी पोचलेला नसायचा. कधी एसटी बंद पडायची, कधी हायवेचं काम आड यायचं. यंदा एका हातात काजूची पिशवी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पाकिटातला छापील कागद आणि अंगात इस्त्रीचा शर्ट.

"वयनी, काजू घ्या. तुकडा नाय हां, अख्खा माल हाय."

लांज्याला धाकूचा काजूचा कारखाना होता आणि घरी आणायचा तो नेहमी तुकडा. अख्खा काजू बघून मालनच्या मनात पाल चुकचुकली. "बसा भावोजी, चहा टाकते," असं म्हणून ती आत वळली, तोवर पडवीतून त्याचा आवाज आलाच.

"शिवादादा, आते उठली काय? सगळ्यांशी बोलायचंय. देव यायच्या आत."

पाकिटातला तो कागद मालनला पाठ होता. तिच्याकडे त्याची दुसरी प्रत होती, गल्ल्याच्या खणात, वेलचीच्या डबीखाली.

विलणकरांचं दुकान घराच्याच पुढच्या अंगाला, बंदराच्या रस्त्याला तोंड करून होतं. सासऱ्यांच्या वडिलांनी भांग विकायचा सरकारी परवाना काढला, तो दरवर्षी नवा होत होत इथवर आला. गिऱ्हाईक ठरलेलं. महाशिवरात्रीच्या सुमाराला थंडाईवाले हलवाई, औषधासाठी दोनचार वैद्य, आणि बाकी वर्षभर ट्रॉलरवरचे नेपाळी आणि उत्तरेकडचे खलाशी. वजन करायचं, नोंद करायची, कुलूप लावायचं. लेक रुचिरा पाळण्यात होती तेव्हापासून हे सगळं मालन करत होती. पाळणासुद्धा गल्ल्याच्या मागेच टांगलेला असायचा.

परवाना मात्र नवऱ्याच्या, शिवाच्या नावावर. शिवाचा पाय दुकानात कधी ठरला नाही. सकाळी जेट्टीवर मासळीचा लिलाव लागला की तो तिथे हजर. घ्यायचं काही नाही, द्यायचं काही नाही, पण कुठली सुरमई किती चढायला हवी होती यावर त्याचं मत तयार. दुपारी चहाच्या टपरीवर, संध्याकाळी पुन्हा जेट्टीवर. माणूस वाईट नव्हता. कोणाचं मयत असो की मुंज, पहिला धावणारा तोच. फक्त एका जागी बसणं त्याच्या कुंडलीत नव्हतं.

आणि कायदा असा की परवानेवाला स्वतः बसत नसेल तर जो बसेल त्याचा नोकरनामा काढायचा. म्हणून दरवर्षी मार्च आला की शिवा आतल्या दाराशी येऊन ओरडायचा, "फोटो काढून आण गो, नोकरनाम्याला! दोन्ही कान दिसले पायजेत, नायतर परत पाठवतात!" मालन स्टुडिओत जायची, पदर कानामागे सारायची, फोटो काढून आणायची. मग तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लागायचा. मालकाचे नाव, शिवा विलणकर. नोकराचे नाव, सौ. मालन शिवा विलणकर.

घरात याचा विनोद झाला होता. "आमच्या घरात नोकरी फक्त मालनला लागली," शिवा पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे पोट धरून हसायचे. मालनही हसायची. हसता हसता तिने किती कप भरले आणि किती कप विसळले, कोणी मोजलं नसेल.

नव्या कागदाची भानगड रुचिरामुळे उपटली. पोरगी अन्नप्रक्रिया शिकली, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात लागली, आणि एका रविवारी गल्ल्यावर आईच्या जागी बसली असताना गंगाने तिला डबा दिला. गंगा म्हणजे नेपाळी खलाशाची बायको, बंदराजवळ भाड्याने राहायची. डब्यात भाजलेल्या भांगेच्या बियांची चटणी होती. रुचिराने भीत भीत बोट लावलं आणि मग डबा चाटूनपुसून परत केला. बियांत नशा नसते हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. चव असते हे गंगाने शिकवलं. तेव्हापासून पोरीने ध्यास घेतला. मिरजोळ्यात गाळ्याचा एक कोपरा, भाजणी, कुटणी, अन्नखात्याचा परवाना. चटणी झाली, तेल झालं, काजू घालून लाडू झाले. वाडीत महिनाभर एकच चेष्टा चालली. कोणी जरा जास्त बोललं की "चटणी खाल्लीस काय रे?"

आणि सरकारनेही नेमका आता नियम काढला. भांगेच्या परवानेवाल्या दुकानात बियांचे पदार्थ विकायला हरकत नाही. पण गल्ला वेगळा हवा, कपाट वेगळं हवं, माल सीलबंद हवा, आणि त्या गल्ल्याचा परवाना वेगळ्या माणसाच्या नावावर हवा. शेवटचं कलम सगळ्यात वाकडं होतं. एका गल्ल्यावर ज्याचं नाव, त्याने दुसऱ्या गल्ल्याला हात लावायचा नाही.

अर्ज शिमगा सरल्यावर लगेच द्यायचा होता. नावाची जागा अजून कोरी होती.

चहाचा ट्रे घेऊन मालन पडवीत आली तेव्हा सगळी मंडळी जमली होती. शिवा झोपाळ्यावर, धाकू खुर्चीच्या टोकाला, रुचिरा उंबऱ्यावर हाताची घडी घालून. मध्ये आरामखुर्चीत हौसाआत्या. सासऱ्यांची ही धाकटी बहीण दर शिमग्याला माहेरी यायची, आणि ती आली की घराचा कारभार आपोआप तिच्या कंबरेला लागायचा. भाऊ गेल्यापासून तर गाऱ्हाण्याचा मानही तिचाच. पालखी घरी आली की देवापुढे कोणाचं नाव घ्यायचं, कोणासाठी काय मागायचं, हे गुरवाच्या कानात हौसाआत्या सांगायची. आणि गाऱ्हाण्यात एकदा बोललं गेलं की विलणकर ते फिरवत नसत. शिवा मुंबईची गिरणी सोडून कायमचा गावी आला तोही गाऱ्हाण्यात तसं बोललं गेलं म्हणून. नंतर त्याला पस्तावायला पुष्कळ वेळ मिळाला, पण तो फिरला नाही.

"मी सरळ बोलतो," धाकू म्हणाला. सरळ बोलणार असला की तो आधी चहा बशीत ओतायचा. "नाव माझं टाका. खाण्याच्या मालाचा धंदा मला ठावूक हाय. हयसर एकदा बसला की लांज्याला हायवेवर आणखी एक गल्ला काढतो. मुंबैच्या गाड्या थांबतात. रुचिराचा माल गोव्यापर्यंत जायल."

"काका, गल्ला इथे आहे," रुचिरा म्हणाली. "नियमात लिहिलंय, ज्याचं नाव त्याने बसायला हवं. तुम्ही लांज्याहून रोज येणार?"

"रोज कशाला? आठवड्यातनं दोनदा येयन. मधल्या वेळात वयनी हायतच की."

"आई दुसऱ्या गल्ल्याला हात लावू शकत नाही. तिचं नाव भांगेच्या गल्ल्यावर आहे. मग तिचं ते काढा आणि हे तिच्या नावावर करा. सरळ आहे."

झोपाळा थांबला. "आणि मगे भांगेच्या गल्ल्यावर कोण बसेल?" शिवाने विचारलं. विचारता विचारताच उत्तर त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्याने पाय जमिनीवर घट्ट टेकले. "नाय नाय. धाकू बोलतोय ता बरोबर हाय."

काल संध्याकाळपर्यंत हाच शिवा धाकूला 'काजूवाला कंजूष' म्हणत होता. आता दोघे भाऊ एकमेकांकडे बघून अशा माना डोलवायला लागले, जसं काही लहानपणापासून एकाच ताटात जेवले. मालनला हसू आलं. माणूस जेट्टीवरची दोन तासांची बैठक वाचवायला काय काय करतो!

"बाबा, तुम्ही दुकानात बसायला लागू नये म्हणून हे चाललंय," रुचिराने तोंडावर सांगितलं.

"बापाला असं बोलतात?" धाकू म्हणाला.

"खोटं असेल तर नाही बोलणार."

"मालन हाय तयसर बरी हाय," शिवाने आवाज खाली आणला. "तिला कसली सवय, कसली नाय... नवीन नियम, साहेब लोक येणार, तपासण्या. तिला कशाला ताप? काय गो?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मालनच्या हातात ट्रे होता. बोलायला तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती. काल रात्रीच्या जेवणानंतर रुचिराने तिला विचारलं होतं, "आई, तुझं नाव टाकू?" आणि ती म्हणाली होती, "घरात विचारू." "घरातल्यांना काय हवं ते मला माहीत आहे, तुला काय हवंय ते विचारतेय," असं पोरगी म्हणाली, त्याला तिने उत्तर दिलं नव्हतं.

"तुम्ही सगळे ठरवाल ते," मालन म्हणाली.

रुचिराने डोळे मिटले.

सगळे आता हौसाआत्याकडे वळले. तिने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि निकाल दिला. "धाकूचं मला पटतंय. पुरुषमाणूस हाय, बाहेरची चार माणसं ओळखतो. साहेबांशी बोलील. गाऱ्हाण्यात घालू मगे, म्हंजे मागाहून कटकट नको."

धाकूने चहाचा दुसरा कप मागितला. रुचिरा उठून दुकानात निघून गेली आणि फळ्या जरा जास्तच जोरात लावल्याचा आवाज आला. मालन आत येऊन कणीक मळायला बसली. कणीक कधीच झाली होती, तरी ती मळत राहिली.

दुपार होत आली तशी हौसाआत्या आत आली, पाट ओढून बसली आणि तिने जायफळ किसायला घेतलं. बाहेर शेजारचा मुसाभाई आला होता. त्याचं जाळ्यांचं आणि दोरखंडांचं दुकान विलणकरांच्या भिंतीला भिंत लावून होतं आणि पालखीच्या दिवशी अंगणातला मांडव, बाकडी, पाण्याचं पिंप हे सगळं तो आपलंच काम समजून बघायचा. "शिवा, दोरी ढिली हाय रे! देव डोक्यावर मांडव घेऊन जायल!" असं त्याचं ओरडणं ऐकू येत होतं.

मालनने पहिली पोळी लाटली. ती फुटली. दुसरी लाटली, तीही फुटली. तिच्या पुरणपोळ्या फुटत नसत.

"पुरण सैल झालंय काय?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मगे?"

मालनने लाटणं बाजूला ठेवलं. तव्यावरच्या पोळीकडे बघत ती म्हणाली, "मला हवाय तो गल्ला."

जायफळाचा आवाज थांबला.

"दुसरा गल्ला. माझ्या नावावर हवाय मला." एकदा सुटल्यावर शब्द थांबेनात. "भावोजींचं काही वाईट नाही आत्याबाई, त्यांनी लांज्याला दहा दुकानं काढावीत. पण तो गल्ला इथे लागणार, नियम काही म्हणो, शेवटी त्यावर मीच बसणार, आणि भिंतीवर परत त्यांचंच नाव आणि खाली माझा फोटो, नोकर म्हणून. गिऱ्हाईक वाचतं ते. नेपाळी पोरंसुद्धा वाचतात. परवा एक जण विचारत होता, भाभी, तुम्हाला पगार किती? मी हसले. घरात सगळे हसतात तेव्हाही हसते. पण मला ते आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

तिला वाटलं होतं आपला आवाज कापेल. कापला नाही. पण मग एकदम भीती वाटली की आपण फार बोललो.

"मगे सकाळी पडवीत का नाय बोललीस?"

"तुम्ही सगळे होतात."

"सगळे होतो म्हणून तर बोलायचं. शिवा विचारत होता की, काय गो म्हणून."

"ते विचारणं नव्हतं, आत्याबाई."

हौसाआत्या तिच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत या सुनेने आपल्यासाठी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. साडी दिली तर "कशाला" म्हणायची आणि दागिना दिला तर रुचिरासाठी ठेवायची. तिने जायफळाची पूड पुरणावर झटकली, हात पदराला पुसले आणि गुडघ्यावर जोर देऊन उठली.

"तव्यावरची करपतेय," ती म्हणाली. "ती बघ आधी." आणि बाहेर निघून गेली.

मालनने करपलेली पोळी उलटली. बोलून काही बदललं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. पण त्यानंतर एकही पोळी फुटली नाही.

ढोल आधी मुसाभाईच्या पडवीपाशी वाजले. देवाने त्याच्या दारात थांबायचं, त्याच्या घरच्यांनी नारळ द्यायचा, ही रीत दोन्ही घरांच्या आजोबांच्याही आधीची. मग निशाण विलणकरांच्या अंगणात शिरलं आणि मागोमाग खांद्याखांद्यावर नाचत पालखी आली. गुलाल, धूळ, शिट्ट्या. पोरांनी पालखी अशी काही नाचवली की मांडवाची दोरी खरंच सुटली आणि मुसाभाई "सांगत होतो, सांगत होतो!" म्हणत खांबाला मिठी मारून उभा राहिला. शिवाने खांदा दिला, धाकूने इस्त्रीच्या शर्टासकट खांदा दिला. दोघांच्या अंगावर गुलाल पडला आणि क्षणभर दोघे शाळेतल्या पोरांसारखे दिसले.

पालखी पडवीत पाटावर बसली. मालनने देवाची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. हात जोडताना तिने काही मागितलं नाही. जे मागायचं ते दुपारी स्वयंपाकघरात मागून झालं होतं आणि दोनदा मागायची तिला लाज वाटली.

हौसाआत्या गुरवाजवळ जाऊन बसली. त्याच्या कानाला लागून बोलत राहिली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. गुरवाने एकदा वर मान करून शिवाकडे पाहिलं, एकदा धाकूकडे पाहिलं, मग पुन्हा आत्याकडे. आत्याने मान हलवली. धाकूने शर्टाची कॉलर नीट केली.

मांडवात शांतता झाली. गुरवाने नारळ हातात धरला आणि गाऱ्हाण्याचा सूर लावला.

"बा देवा म्हाराजाऽ! आज शिमग्याच्या सणाला विलणकर घराण्यानं तुजी ओटी भरलीन, नारळ ठेवलान, तो गोड मानून घे रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव गरजला.

"दर्यात जातील त्येंची होडी सुखरूप किनाऱ्याला लाव, मुंबै-दुबैला असतील त्येंची राखण कर रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"वाकडी नजर, इडापिडा असंल ती सात समुद्रापार टाक रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" शिवाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. या बाबतीत त्याचा हात धरणारा वाडीत कोणी नव्हता.

गुरवाने श्वास घेतला. "ह्या घरात नवा गल्ला लागतोय. तो घराण्याच्या थोरल्या सुनेच्या, मालनच्या नावावर लागूं दे. तिला मालकीण म्हणून बसव आणि तिच्या हाताला यश दे रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

मालनने स्वतः व्हय म्हटलं नाही. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. पण तिने ऐकलं. शिवाचा आवाज ऐकला, धाकूचा ऐकला. दोघांनी डोळे मिटून, हात जोडून, जन्मभराच्या सवयीने ठोकून दिलं होतं. मिटलेले डोळे उघडायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात गुरव पुढे सरकला होता.

"आणि घराचा मालक शिवा, त्याची जेट्टीवरची फेरी कमी होऊं दे, जुन्या गल्ल्यावर टायमात बसण्याची त्याला बुद्धी दे रे म्हाराजाऽ!"

या वेळी शिवाचं तोंड मिटलेलं होतं. पण त्याच्या वाटणीचं वाडीने भरून काढलं. ढोलवाल्यापासून निशाणवाल्यापर्यंत सगळे पोट हलवत ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि खांबापाशी उभ्या असलेल्या मुसाभाईने तर दोनदा म्हटलं.

"लाडवाला लागंल तो काजू धाकूच्या कारखान्यातनं येऊं दे. अख्खा, तुकडा नाय. आणि धाकूच्या धंद्याला बरकत दे रे म्हाराजाऽ!"

धाकू घुटमळला. तुकड्याचा भाग त्याला झोंबला होता आणि बरकतीचा भाग सोडवत नव्हता. शेवटी तो हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. ढोल सुरू झाले. पालखी उठली आणि पुढच्या घराकडे नाचत गेली, तशी पडवीत घरचीच माणसं उरली.

"आते, ह्या काय केलंस?" धाकूने गुलाल झटकत विचारलं. "सकाळी काय ठरलेलं?"

"सकाळी मालनने सांगितलं नव्हतं. दुपारी सांगितलंन."

"पण मला इचारायचंस तरी!"

"देवानं इचारलं की. तू व्हय म्हणालास."

"मोठ्यानं म्हणालास," मुसाभाईने साक्ष दिली. तो सुटलेली दोरी बांधत होता. "मी शेजारीच होतो. कान अजून वाजतोय माझा."

"ता सवयीनं गेलं तोंडातनं!"

"मगे देवाला सांगून ये, सवयीनं म्हणालो म्हणून," आत्या म्हणाली. "पालखी फार लांब नाय गेली."

धाकूने पालखीच्या दिशेने पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तो रडीचा डाव खेळणाऱ्यातला नव्हता. हरला की आधी फुगायचा आणि मग सगळ्यांत मोठ्याने हसायचा. तसाच हसला. "वयनी," तो म्हणाला, "तुमी कालच बोलला असतात तर मी तुकडा आणला नसता काय?"

रुचिरा दुकानाच्या दारात उभी होती. आईजवळ आली, तिच्या गालाला लागलेली कणीक अंगठ्याने पुसली, आणि मग दोघींनाही एकमेकींकडे बघवेना म्हणून दोघी हौसाआत्याच्या पाया पडल्या.

"पुरे, पुरे," आत्या म्हणाली. "पोळ्या गरम हायत तोवर वाढा."

शिवा मात्र झोपाळ्यावरच बसला होता. मालनने त्याच्यासमोर ताट ठेवलं. तुपाची वाटी ठेवली. तो खाली बघत म्हणाला, "तुला आवडत नव्हतं?"

"काय?"

"ता नोकरीचं. मी बोलायचो ता."

मालनला खोटं बोलता आलं असतं. "नाही," ती म्हणाली.

शिवाने पोळीचा तुकडा मोडला आणि तुपात बुडवून तसाच धरून ठेवला. "हसायचीस म्हणून मला वाटलं..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाला, "आता नाय बोलणार." आणि जेवायला लागला. मालनने त्याला न विचारता आणखी एक पोळी वाढली.

अर्ज गेला, साहेब येऊन जागा बघून गेले, आणि चैत्र सरायच्या आत दुसरा गल्ला लागला. जुन्या गल्ल्यापासून हातभर अंतरावर, मध्ये मुसाभाईने फुकट बांधून दिलेला दोरखंडाचा आडोसा. काचेचं कपाट, चटणीच्या बाटल्या, तेल, लाडवांची सीलबंद पाकिटं. पहिलं गिऱ्हाईक गंगा होती. तिने बाटली उलटसुलट करून पाहिली, चटणीत मीठ कमी आहे असं सांगितलं आणि तरी दोन घेतल्या.

भिंतीवर नवी चौकट लागली. त्यात नोकराच्या नावाची ओळ नव्हती. परवानाधारक, सौ. मालन शिवा विलणकर. जुनी चौकट उतरवायला रुचिरा खुर्चीवर चढली तेव्हा मालनने तिला जुना फोटो जपून काढायला सांगितला. पदर कानामागे, दोन्ही कान बाहेर. फोटो चांगला आला होता.

शेजारच्या गल्ल्यावर शिवा बसला होता. पहिल्या आठवड्यात त्याने दर थोड्या वेळाने घड्याळ पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात जेट्टीवरची मंडळीच त्याच्याकडे यायला लागली आणि लिलावाच्या गप्पा दुकानात व्हायला लागल्या. त्या ऐकता ऐकता लोक लाडू घेऊन जायचे, हे रुचिराच्या लगेच लक्षात आलं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मालन जेवायला आत निघाली, तसा शिवाने आडोशावरून डोकं काढलं.

"तू जेवायला गेलीस नि कोण आलं तर? तुझ्या गल्ल्यावर कोण बसेल?"

"नोकर ठेवीन एखादा."

"कोणी मिळाला?"

"अजून नाही."

शिवा जरा घुटमळला. "मी बसलो तर?"

"तुमचं नाव तिकडे आहे. चालत नाही नियमात."

"पण चाललं असतं तर? ठेवलं असतंस?"

मालनने गल्ल्याला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि आतल्या दारात वळून उभी राहिली.

"अर्ज करा," ती म्हणाली. "फोटो आणा दोन. आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत, नाहीतर परत पाठवीन."